हौदाभोवतीचे हिरवे गवत



जालना एमआयडीसीच्या आजूबाजूला जे नवे प्लॉटिंग झाले आहे, तेथे आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांची पक्की घरे उभी राहिली आहेत. कुणी सळईच्या कारखान्यात भट्टीपुढे राबून, तर कुणी बियाण्याच्या गोण्या शिवून. फंड उचलून, पतपेढीचे कर्ज काढून. पत्र्याच्या खोलीत जन्म काढलेल्या माणसाला अंगण मिळाले, की ते हिरवेगार असावे असे वाटणारच. अलीकडे त्यात एक नवी हौस आली आहे. मागील अंगणात पोरांना डुंबायला कमरेइतक्या खोलीचा हौद बांधायचा आणि त्याच्या भोवती प्लास्टिकचे गवत अंथरायचे. बंगल्यांच्या स्विमिंग पुलाभोवती हे गवत अंथरायला जाणारी मुले आपल्याच वस्तीतील आहेत. दुसऱ्याच्या अंगणात अंथरतो ते आपल्या अंगणात का नको, हा त्यांचा सवाल अगदी रास्त आहे. हौस करू नका असे आम्ही म्हणणार नाही. परंतु कारखान्यात हिशेबाची वही सांभाळण्यात आमची हयात चालली आहे, तेव्हा पैसे मोजण्याआधी दोन आकडे मांडणे आमचे काम आहे.

या गवताचे नाव जगात झाले ते १९६६ साली, अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात. तेथे आदल्याच वर्षी छप्पर असलेले एक मोठे स्टेडियम उघडले होते. छताच्या तावदानांतून येणाऱ्या झगमगाटात खेळाडूंना चेंडू दिसेना, म्हणून तावदाने रंगवली; आणि ऊन बंद होताच आतले खरे गवत मरून गेले. मग मोन्सॅन्टो कंपनीने प्लास्टिकचे गवत दिले. मोन्सॅन्टो हे नाव जालनेकरांना नवे नाही. आपल्या गावात १९६४ साली स्थापन झालेल्या महिकोशी भागीदारी करून २००२ साली बीटी कापूस आणणारी तीच ही कंपनी. २०१८ मध्ये ती बायर कंपनीने विकत घेतली. तर सांगायचे असे, की ज्या गवताचा बोलबाला ऊन न पोचणाऱ्या जागेत झाला, ते आपण अंथरतो कुठे? जेथे मे महिन्यात पारा चाळीशी ओलांडतो, अशा जालन्याच्या उघड्या अंगणात!

खरे गवत पाणी शोषून ते हवेत सोडते आणि स्वतः गार राहते. प्लास्टिकला ती सोय नाही, ते नुसते तापते. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २००२ साली याची मोजणी झाली. त्यात असे गवत डांबरी पृष्ठभागापेक्षाही जास्त तापलेले आढळले. पाणी मारण्यापूर्वी ते सुमारे ७९ अंश सेल्सियस होते. पाणी मारल्यावर २९ वर आले, पण पाच मिनिटांत ४९ आणि वीस मिनिटांत ७३! म्हणजे बादलीभर पाण्याने मिळालेला गारवा चहा पिऊन होईपर्यंत संपला. हौदातून ओल्या, उघड्या पायांनी बाहेर आलेले लेकरू नेमके यावरच पाय ठेवणार. आणि जो बाप दिवसभर लालबुंद लोखंडासमोर उभा राहून आला, त्याने घरी येऊन पुन्हा तापलेल्या जमिनीवर बसायचे काय?

आता पाणी. १० फूट रुंद, २० फूट लांब आणि ४ फूट खोल हौद म्हणजे ८०० घनफूट, सुमारे २२,६०० लिटर. त्यातून उन्हाने दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडाले तरी १८६ लिटर गेले. वर गवत थंड ठेवायला आणखी बादल्या. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरमागे हंडे घेऊन धावलेल्या आमच्या भगिनींना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

एवढे वाचूनही ज्यांना अंथरायचेच आहे, त्यांनी निदान नीट अंथरावे. आपली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर सरळ गवत टाकले तर वर्षभरात चढउतार दिसतात. म्हणून चार-सहा इंच माती काढून मुरूम आणि बारीक खडी धुमसून घ्यावी. उतार हौदाकडे नव्हे, हौदापासून बाहेर द्यावा, नाहीतर पायांची घाण पाण्यात येते. हौदाच्या काठाला दोन फूट खडबडीत फरशी मोकळी सोडावी. दोन पट्ट्यांची पाती एकाच दिशेला झुकलेली हवीत आणि जोडाखाली पट्टी व गोंद पक्का हवा. जोड उचलला की म्हाताऱ्या माणसाचा पाय अडकलाच म्हणून समजा. जयंतीच्या फटाक्याची एक ठिणगी पडली तरी भोक पडते. झिजून फाटल्यावर ते जाळू नये, धूर पोरांच्या छातीत जातो. आणि अंथरणाऱ्या मुलांकडून भर दुपारी गुडघ्यांवर बसून काम करून घेऊ नये. मालक दुसरा असता तर आपणच तक्रार केली असती ना!

आमची पसंती विचाराल तर आधी सावली. पश्चिमेला एक कडुनिंब लावा. तो मोठा होईपर्यंत शेडनेट बांधा. हौदाभोवती घासून गुळगुळीत न केलेली शहाबादी फरशी, आणि तिच्यापलीकडे हरळी. शेतकरी जन्मभर जिला शिव्या देत उपटतो, तीच हरळी उन्हाळी मुलखातील लॉनसाठी लावतात! ती उन्हात पिवळी पडते, पण पाऊस पडला की उठते. हौद रिकामा करताना ते पाणी तिला सोडावे; क्लोरीन टाकले असेल तर पाणी दोन दिवस उन्हात उघडे ठेवून मग सोडावे. घरात लहान मूल असेल तर हौदावर जाळीचे झाकण आणि त्याला कुलूप, यात मात्र काटकसर नको.

दुकानदाराकडून नमुन्याचा वीतभर तुकडा मागून घ्यावा. बहुतेक जण देतात. तो दुपारी दोन वाजता गच्चीवर ठेवावा आणि अर्ध्या तासाने घरातील कर्त्या माणसाने अनवाणी पायाने त्यावर उभे राहावे. मगच विसार द्यावा.