प्रेम, पुरोहित आणि दीक्षेची अट

करमणुकीच्या मालिकांविषयी लिहिण्याचा आमचा परिपाठ नाही. वकिली करणाऱ्या माणसाची रात्र उद्याच्या तारखेचे कागद वाचण्यातच जाते. परंतु २६ सप्टेंबर २०२४ रोजी नेटफ्लिक्सवर आलेली ‘नोबडी वॉन्ट्स धिस’ ही अमेरिकन मालिका घरातील तरुण मंडळींच्या आग्रहास्तव आम्ही पाहावयास बसलो, आणि जिला आम्ही निव्वळ प्रेमाची थट्टामस्करी समजत होतो तिच्या पोटातून धर्मांतराचाच प्रश्न निघाला. प्रथमदर्शनी जे वाटले ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

कथा लॉस एंजेलिस शहरातील आहे. नोआ हा यहुदी धर्मगुरू, म्हणजे रबाय; जोअ‍ॅन ही कोणताही धर्म न पाळणारी, बहिणीसह प्रेमप्रकरणांवर बेधडक पॉडकास्ट चालविणारी तरुणी. एका मेजवानीत दोघांची गाठ पडते आणि पुढे दहा भागांचा घोळ सुरू होतो. क्रिस्टन बेल व अ‍ॅडम ब्रोडी यांची कामे प्रसन्न आहेत. मालिकेची कर्ती एरिन फॉस्टर हिने स्वतः यहुदी पुरुषाशी विवाह करताना धर्मांतर केले होते. तेव्हा हा विनोद ऐकीव नाही.

कायद्याच्या दृष्टीने या जोडप्यापुढे काडीचीही अडचण नाही. आपल्याकडे मात्र विशेष विवाह कायदा, १९५४ च्या कलम ५ प्रमाणे तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत सर्वांना दिसेल अशी लावली जाते. आमच्याकडे आलेल्या एका जोडप्याची नोटीस अशीच लागली. चौथ्या दिवशी मुलीचे मामा गावाहून आले व तिला घेऊन गेले. तीस दिवस पुरे झाले तेव्हा सही करावयास एकटा मुलगा हजर होता.

नोआला अडविते ती त्याची मंडळी. त्याला मुख्य रबाय व्हावयाचे आहे, आणि त्या पदावरील माणसाची पत्नी परधर्मीय असून चालत नाही. प्रश्न काल्पनिक नव्हे. परधर्मीय जोडीदार असणाऱ्यांस रबायचे शिक्षण न देण्याचा नियम हिब्रू युनियन कॉलेज या सुधारकपंथी संस्थेने जून २०२४ मध्ये, म्हणजे मालिका येण्याच्या तीनच महिने आधी, रद्द केला.

जोअ‍ॅनसारख्या स्त्रीला मालिकेत ‘शिक्सा’ म्हणतात. मालिकेचे नावही आधी तेच ठेवावयाचे होते. हा शब्द ज्या हिब्रू शब्दावरून आला त्याचा अर्थ किळसवाणी, अमंगळ वस्तू असा आहे. येथे तो थट्टेने येतो. परंतु ज्यांच्या आजोबांची सावलीही अमंगळ मानली गेली त्यांना तो ऐकून मोकळेपणी हसू येत नाही. अर्थात शतकानुशतके छळलेला, संख्येने अल्प असा समाज आपले कुंपण जपतो, यात भीतीचा वाटा मोठा आहे, हेही विसरता कामा नये. शिवाय त्या कुंपणाला दार आहे. अध्ययन करावे, तिघांच्या धर्मसभेपुढे उभे राहावे, विधिपूर्वक स्नान करावे, की मनुष्य यहुदी होतो. आणि त्यानंतर त्याला त्याच्या पूर्वीच्या अवस्थेची आठवण देणे परंपरेने निषिद्ध मानले आहे. आमचे आडनाव ऐकल्यावर ‘मूळचे कोण?’ असे विचारणारे पक्षकार आजही भेटतात, म्हणून ही गोष्ट मनात राहिली.

मालिकेत दोष आहेत. नोआची आई बीना, भावजय एस्थर, पूर्वीची प्रेयसी रिबेका, अशा यहुदी स्त्रिया बहुतेक वेळ द्वारपालाचेच काम करतात आणि पुरुष तेवढे गोड. ही टीका तिकडेही झाली, व ती रास्त आहे. तरीपण जोअ‍ॅनने अजाणता आणलेले डुकराचे मांस हीच बीना स्वयंपाकघरात एकटी उभी राहून खाताना सापडते, तो प्रसंग दहा व्याख्यानांच्या तोडीचा आहे.

शेवटच्या भागात जोअ‍ॅन सांगते की धर्मांतरास आपली तयारी नाही. प्रेमासाठी खोटे ‘हो’ म्हणणे तिला सोपे होते. बाबासाहेबांनी येवल्यास १३ ऑक्टोबर १९३५ रोजी घोषणा केली आणि दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मध्ये एकवीस वर्षे त्यांनी विचार केला. मग एका मुलीने थोडा अवधी मागितला तर तिला नावे का ठेवावी?

असे आम्ही घरात बोलून गेलो. त्यावर आमची कन्या म्हणाली, “बाबा, दादाची बायको बावीस प्रतिज्ञा घेतलेलीच हवी, असे आजी म्हणते. तेव्हा तुम्ही गप्प का बसता?” आम्ही कागद चाळू लागलो. मातोश्री पलंगावरून म्हणाल्या, “ती बीना पुढे काय करते ते आधी बघू दे.” दुसरा संच ऑक्टोबर २०२५ मध्ये आला आहे, तो आता त्यांच्यासह पाहावयाचा आहे.