अंबाडा विरुद्ध हेडरेस्ट

हेडरेस्ट हे नावच चुकलंय, बॉस! ते डोकं टेकून डुलकी काढायला नसतंच. मागून कुणी ठोकलं की सीट पाठीला पुढं रेटते, डोकं मागंच राहतं आणि हिसका बसतो मानेला. तो अडवायला ते असतं. अमेरिकेत १९६९ पासून नव्या कारच्या पुढच्या सीटना ते सक्तीचं झालं. आणि आपण? टोचतंय म्हणून उपटून डिकीत टाकतो, नाहीतर उलटं खोचतो!

परवा पुण्याहून परभणी जिल्ह्यातल्या वालूरला बारव बघायला निघालो. पुढच्या सीटवरून मावशीचं फर्मान, ‘ती मेली उशी काढ रे आधी, अंबाड्याला टोचते!’ नाही काढली. दांडीजवळचं बटण दाबून वर घेतली. तिची वरची कड डोक्याच्या टोकाशी हवी, मानेच्या खळगीत नव्हे. तरी डोकं पुढं ढकलत होती, म्हणून सीटची पाठ जराशी मागं कलवली. मध्ये दोन-तीन बोटांचं अंतर राहिलं की जमलं.

अंबाड्याचं काय? जालन्याला चहाला थांबलो, तेव्हा मावशीनं स्वतःच सोडला आणि वेणी घालून खांद्यावरून पुढं घेतली. सेलू येईपर्यंत घोरत होती.