कंपवात, कपिकच्छू आणि संगणकातील मेंदू

केळव्याच्या कोळी बांधवांच्या जाळ्यात येणाऱ्या माकुलाच्याच वर्गातील एका प्राण्याच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून हॉजकिन व हक्स्ली यांनी १९५२ साली चेतावेगाची गणिती समीकरणे मांडली. त्याच पायावर आज संगणकात निरोगी व व्याधिग्रस्त मेंदूच्या प्रतिकृती रचल्या जातात. कंपवातात डोपामिन घटल्याने पेशीसमूहांची लय कशी बिघडते, हे त्यांतून अभ्यासता येते. मात्र अशा गणिताला मोजलेले आकडेच लागतात. आपल्या कपिकच्छूच्या बीजांत लेव्होडोपा असतो, परंतु त्याचे प्रमाण सर्वत्र सारखे नसते. म्हणून फार्मसीचालकांनी प्रत्येक बॅचमधील प्रमाण तपासून वेष्टनावर छापावे. वैद्यबंधूंनीही रुग्ण लेव्होडोपाच्या गोळ्या घेत आहे काय, हे विचारूनच मात्रा ठरवावी. मापाविना आपल्या अनुभवाला शास्त्रसभेत स्थान मिळणार नाही.