गल्लीच्या तोंडाशी थांबलेला बंब

दरवर्षी १४ एप्रिल रोजी भायखळ्याच्या अग्निशमन दल मुख्यालयात हुतात्मा जवानांना मानवंदना दिली जाते आणि त्या दिवसापासून २० तारखेपर्यंत देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. शाळांतून चित्रस्पर्धा होतात, वर्तमानपत्रांतून जवानांच्या शौर्याची वर्णने येतात आणि २१ तारखेला आपण सारे आपापल्या कामाला लागतो. त्या शौर्याविषयी कोणाच्याही मनात किंतु नाही. प्रस्तुत लेखात आम्हांला थोडा निराळा प्रश्न मांडावयाचा आहे. या माणसांना ज्या ठिकाणी आपण धाडतो, ती ठिकाणे इतकी घातक कशी झाली? आणि ती तशी होण्यात आपला, म्हणजे गिरगाव ते परळ या पट्ट्यातील चाळींत, वाड्यांत आणि आता टॉवरांत राहणाऱ्यांचा, वाटा किती?

या दिवसाचे मूळ १९४४ सालातील आहे. महायुद्धाचा काळ होता. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे मालवाहू जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि त्यांच्या सोबतीला कापसाच्या गाठी होत्या. दुपारी जहाजातून धूर येऊ लागला. दल आले, पाण्याचा मारा सुरू झाला. जहाज गोदीबाहेर ओढून न्यावे की जागीच बुडवावे, याचा निर्णय अधिकाऱ्यांकडून होईना. तो होईपर्यंत जवान पाणी मारीत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. नागरिक किती गेले याचे आकडे वेगवेगळे सांगितले जातात. दलाचे मात्र ६६ जण कामी आले. स्फोटके आणि कापूस एका जहाजात भरणे, निर्णय लांबविणे, यांपैकी कशाशीही त्या ६६ जणांचा संबंध नव्हता. इतरांनी आधी करून ठेवलेल्या गोष्टींची किंमत त्यांनी मोजली.

७१ वर्षांनंतर, ९ मे २०१५ रोजी, काळबादेवीत हेच पुन्हा घडले. (४ मे हा संत फ्लोरियनचा सण, तो अग्निशामकांचा आश्रयदाता मानला जातो आणि त्याच दिवशी जगभर अग्निशामक दिन पाळतात. काळबादेवीची आग त्यानंतर पाचच दिवसांनी लागली.) जुन्या हनुमान गल्लीतील ‘गोकुळ निवास’ ही लाकडी सांगाड्याची जुनी इमारत पेटली. रहिवाशांना बाहेर काढण्यात आले. त्यानंतर, आग विझविण्याचे काम चालू असतानाच, इमारत कोसळली. सहायक विभागीय अधिकारी संजय राणे आणि केंद्र अधिकारी महेंद्र देसाई यांनी तेथेच प्राण गमावले. गंभीर भाजलेले उपमुख्य अग्निशमन अधिकारी सुधीर अमीन १४ मे रोजी गेले. खुद्द दलप्रमुख सुनील नेसरीकर यांनी ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये पंधरा दिवस मृत्यूशी झुंज दिली. २४ मे रोजी तीही संपली. एका शहराच्या अग्निशमन दलाचे शीर्षस्थ नेतृत्वच एका गल्लीतील आगीने हिरावून नेले.

त्या वेळी अनेकांनी विचारले, माणसे बाहेर आली होती, मग हे अधिकारी तेथे काय करीत होते? प्रश्न वरवर शहाणपणाचा आहे. ज्यांनी काळबादेवी, भुलेश्वर किंवा चिराबाजार पायी पाहिला आहे त्यांना त्याचे उत्तर ठाऊक असते. येथे भिंतीला भिंत आणि सज्जाला सज्जा भिडलेला आहे. एक इमारत जळू दिली तर संध्याकाळपर्यंत अख्खी ओळ जाईल. शिवाय ‘सगळे बाहेर आले’ हे गर्दीतले वाक्य असते. कोणी आजारी म्हातारा आतल्या खोलीत झोपलेला असतो, कोणी कागदपत्रे आणायला पुन्हा जिना चढलेला असतो. पोटमाळ्यावर निजणारा कामगार तर कोणाच्याच हिशेबात नसतो. शेवटच्या खोलीत डोकावल्यावाचून अधिकाऱ्याला ‘रिकामी’ असे म्हणता येत नाही.

लाकडी इमारतीचा स्वभावही समजून घ्यावयास हवा. जाड सागवानी तुळई लगेच कोसळत नाही. ती बाहेरून कोळसा होत जाते आणि आतला गाभा काही काळ भार पेलतो. पण तुळई जेथे भिंतीत शिरते वा खांबाला मिळते ते सांधे आधी निकामी होतात, आणि ते बाहेरून दिसत नाही. त्यात पाण्याची भर. एका होजमधून मिनिटाला काही शे लिटर पाणी जाते आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. जे पाणी वाहून जात नाही ते विटांत, चुन्यात, कापडाच्या गठ्ठ्यांत आणि कागदांत मुरते. तास दोन तासांत शेकडो टन नसले तरी कित्येक टन वजन जळत्या मजल्यांवर चढलेले असते. म्हणजे आग विझविणारे पाणीच इमारतीला खाली खेचू लागते. हे दलाच्या लोकांना ठाऊक असते. तरीही पाणी मारावेच लागते.

या इमारती अशा स्थितीला आल्या कशा, याचा इतिहास लांबलचक आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, ते आवश्यकही होते. परंतु दुरुस्तीचा पैसा आटला. १९६९ साली उपकर लावून शासनाने दुरुस्तीची व्यवस्था उभी केली, तेव्हा अशा इमारतींची संख्या १९,६४२ होती. त्यांपैकी हजारो आजही टेकूंवर उभ्या आहेत. मालक पुनर्विकासाची वाट पाहतो आणि भाडेकरू जागेवरील हक्क जाईल या भीतीने हलत नाही. मधल्या काळात पोटमाळे चढतात, विजेच्या जुन्या तारांवर वातानुकूलन यंत्रे लागतात आणि जिन्याखाली गोदाम होते. यात खलनायक शोधू गेल्यास एकही सापडत नाही. प्रत्येकाने आपापल्या अडचणीपुरते थोडेसे केलेले असते.

आपल्या वाचकांना हा विषय परका नाही. काळबादेवीला लागूनच कॅव्हेलची आपली जुनी वस्ती आहे. गिरगावची खोताची वाडी तिच्या लाकडी जिन्यांसाठी आणि ओसऱ्यांसाठी परदेशी पाहुण्यांच्या छायाचित्रांत जाते. सुंदर आहे खरी. पण तेथील गल्लीत दोन माणसे छत्र्या घेऊन समोरासमोर आली तर एकाला बाजूस व्हावे लागते. बंब सुमारे अडीच मीटर रुंद असतो. तो गल्लीच्या तोंडाशीच थांबतो आणि तेथून होज खांद्यावर घेऊन माणसे धावतात. तोंडाशी तरी जागा असावी. तेथे दुचाकी लावलेल्या असतात. रस्त्याकडेच्या जलस्तंभांची, म्हणजे हायड्रंटची, योजना ब्रिटिश काळापासूनची. परंतु ज्या शहरात नळाला दिवसातून काही तासच पाणी येते, तेथे जलस्तंभाला चोवीस तास दाब कोठून असणार? म्हणून टँकर मागवावे लागतात आणि तेही त्याच वाहतुकीत अडकतात. ‘बंब उशिरा आला’ ही तक्रार आपण सहज करतो. तो भायखळ्याहून किंवा गवालिया टँकहून निघायला उशीर झाला, की शेवटच्या दोनशे मीटरला, हे फारसे कोणी विचारीत नाही.

गिरणगावात चित्र उलटे आहे. तेथे रस्ते रुंद झाले, परंतु आग वर गेली. महापालिकेने २०१५ साली ९० मीटर उंच पोहोचणारी शिडी घेतली. तिचे कौतुक झाले. ती शिडी उभी करायला सपाट, मोकळी आणि भक्कम जागा लागते, आणि ती सुमारे तीस मजल्यांपर्यंत पोहोचते. २२ ऑक्टोबर २०२१ रोजी करी रोडच्या ज्या ‘अविघ्न पार्क’ इमारतीत आग लागली ती साठ मजल्यांची आहे. उंच इमारतीतील आग मुख्यतः इमारतीतीलच पंपाने, पाइपने आणि फवाऱ्यांनी विझवायची असते. दल येते ते त्या यंत्रणेचा वापर करायला. ती बंद असेल तर जवानाला पाठीवर श्वसनयंत्र घेऊन अंधारात जिने चढण्यावाचून गत्यंतर नाही. परळच्या ‘क्रिस्टल टॉवर’मध्ये २२ ऑगस्ट २०१८ रोजी चार जण गेले, त्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्रच नव्हते आणि लोक वर्षानुवर्षे राहत होते. त्याच आगीत एका लहान शाळकरी मुलीने शेजाऱ्यांना ओल्या कापडातून श्वास घ्यायला सांगितले. ही गोष्ट ती शाळेत शिकली होती. त्याआधी, २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर, लोअर परळच्या कमला मिल आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांत १४ जण मेले. त्यांतील बरेच जण प्रसाधनगृहात आश्रयाला गेले होते आणि धुराने गुदमरले. ज्वाळेआधी धूर मारतो, हे त्या लहान मुलीला ठाऊक होते.

कायदा नाही असे नव्हे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे. त्यानुसार इमारतीची अग्निसुरक्षा यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची अथवा भोगवटादाराची आहे, आणि परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून दर जानेवारी व जुलैमध्ये ‘नमुना ब’ प्रमाणपत्र सादर करावयाचे असते. किती सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभेत हा विषय निघतो? रंगकामावर दोन तास वाद होतो. पंपाच्या दुरुस्तीचा ठराव पुढच्या सभेवर जातो. प्रमाणपत्र पैसे देऊन कागदावर मिळविता येते, हेही सर्वांना माहीत आहे. तपासणाऱ्या यंत्रणेकडून कुचराई होत नाही असा आमचा दावा नाही; दल आणि परवाने देणारे विभाग एकाच महापालिकेचे आहेत. परंतु बंद पंप रोज डोळ्यांसमोर असतो तो रहिवाशांच्या.

आगीतून बाहेर काढलेल्या माणसाचे पुढे काय होते, हा प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आहे आणि त्याची चर्चा आणखी कमी होते. बरीच वर्षे मुंबईत रुग्णवाहिका म्हणजे निळा दिवा असलेली मोटार, एवढाच अर्थ होता. जखमीला टॅक्सीत घालून केईएम किंवा जेजे गाठायचे ही रीत होती. २६ जानेवारी २०१४ रोजी राज्यात १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली, तिच्या ताफ्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या, त्यांपैकी २३३ मध्ये प्रगत जीवरक्षक साधने होती, आणि प्रत्येकीत डॉक्टर असावा अशी रचना होती. अरुंद रस्त्यांसाठी २०१७ साली मुंबईत मोटारसायकल रुग्णवाहिकाही आल्या. ही मोठी मजल होय. तरीही २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले, तेव्हा केईएमसारखे रुग्णालय हाकेच्या अंतरावर असूनही जखमींना पुलावरून खाली आणण्याचे काम आधी आजूबाजूच्या माणसांनीच केले.

अशा माणसांना आपल्या देशातील कायदा ‘गुड समॅरिटन’ म्हणतो, म्हणजे प्रभू येशूच्या दाखल्यातील दयाळू शोमरोनी. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना बंधनकारक केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास आता आपले नावही सांगण्याची सक्ती नाही. प्रवचनांतून आपण त्या शोमरोन्याचे गुण गातो आणि खानावळवाल्याला विसरतो. त्याने दार उघडले नसते तर शोमरोन्याचे तेल, द्राक्षारस आणि गाढव व्यर्थ गेले असते. २२ जानेवारी २०२२ रोजी ताडदेवच्या एका वीस मजली इमारतीत आग लागली, तेव्हा काही रुग्णालयांनी जखमींना दाखल करून घेण्यास नकार दिल्याचे आरोप झाले. तातडीचे उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी असो वा खासगी, कर्तव्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच दिलेला आहे. दारात जखमी आला असता अनामत रकमेची विचारणा आधी होते काय, हे आपल्या ख्रिस्ती व्यवस्थापनाखालील रुग्णालयांनीही स्वतःस विचारावे.

हा सारा प्रश्न केवळ मुंबईचा आहे, असे वसईकरांनी समजू नये. २३ एप्रिल २०२१ रोजी विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून कोविडचे १५ रुग्ण गेले. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालके गेली. जेथे जखमीला न्यावयाचे तेच घर पेटले. लहान शहरांत बंब थोडे आणि इमारती मुंबईच्या वेगाने वाढत आहेत, ही गोष्ट तेथील धर्मग्रामस्थांना रोज दिसते.

आपल्या हाती काय आहे, ते थोडक्यात लिहितो. प्रत्येक धर्मग्रामाच्या मालकीची सभागृहे, शाळा आणि चाळी आहेत. त्यांचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र धर्मग्राम परिषदेने येत्या बैठकीत मागून पाहावे आणि पंप प्रत्यक्ष चालवून पाहावा. शाळांनी वर्षातून दोनदा तरी मुलांना जिन्याने उतरविण्याचा सराव करावा. लग्नसमारंभात सभागृहाचे मागचे दार कुलूपबंद असते. त्याची किल्ली कोणाकडे आहे, हे सेक्रिस्टनलाच नव्हे तर कार्यक्रम घेणाऱ्यालाही ठाऊक असावे. आणि रविवारी सकाळच्या मिस्सेच्या वेळी चर्चच्या फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंत दुतर्फा ज्या मोटारी व दुचाकी लागतात, त्यांच्यामधून अडीच मीटरची वाट उरते किंवा नाही, हे स्वयंसेवकांनी या रविवारी टेप लावून मोजावे व आकडा सूचनाफलकावर लावावा.