गुलाबी फितीचा पुरावा

नथानिएल हॉथॉर्नच्या ‘यंग गुडमन ब्राउन’ या कथेवरची परीक्षेची गाईडं चाळली, तर बहुतेकांत चिन्हांचा तक्ता सापडतो. बायकोचं नाव फेथ, म्हणून ती श्रद्धा. तिच्या टोपीची गुलाबी फीत म्हणजे निरागसपणा, जंगल म्हणजे पाप, सापासारखी काठी म्हणजे सैतान. तक्ता पाठ केला की मार्क पदरात पडतात. गंमत अशी, की कथेतला ब्राउनही असाच तक्ता मनात धरून चालतो आणि जन्माची माती करून घेतो.

1835 साली छापलेली ही कथा सतराव्या शतकाच्या अखेरच्या सेलममध्ये घडते. नुकतंच लग्न झालेला ब्राउन एका रात्रीपुरता जंगलात जातो. वाटेत त्याला धर्माचे धडे देणारी गुडी क्लॉइस दिसते, मग चर्चचा डीकन आणि पाद्रीबुवा यांचे आवाज कानी येतात. सगळे सैतानाच्या मेळ्याला निघालेले. तेवढ्यात वरून काहीतरी फडफडत येऊन फांदीला अडकतं. तो झडप घालून धरतो, तर गुलाबी फीत! झालं, बायकोही गेली, असं तो ठरवून टाकतो. निवेदक मात्र कुठेच हमी देत नाही. काठी वळवळली, तो अपुऱ्या उजेडाचा खेळही असेल, असं तो सुचवतो. सकाळी फेथ नवऱ्याला पाहून धावत येते, तेव्हा तिच्या टोपीला फिती जागच्या जागी असतात.

भासाला पुरावा मानण्याची ही खोड हॉथॉर्नने कल्पनेतून काढलेली नाही. 1692 साली सेलमच्या न्यायालयात चेटकाचे खटले चालले, तेव्हा ‘छायापुरावा’ ग्राह्य धरला गेला. अमक्या बाईची छाया येऊन मला चिमटे काढते, गळा दाबते, असं फिर्यादीने सांगायचं. ती बाई त्या वेळी आपल्या घरी झोपलेली का असेना. 19 जणांना फाशी झाली आणि जाइल्स कोरी या म्हाताऱ्याचा जीव अंगावर दगड रचून घेतला गेला. कथेतली मार्था कॅरिअर त्याच वर्षी खरोखर फासावर गेली होती. सारा क्लॉइस नावाची बाईही आरोपी होती; ती वाचली.

आरोपींची उलटतपासणी घेणाऱ्यांत जॉन हॅथॉर्न होते, लेखकाचे खापरपणजोबा. दुसरे एक न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल यांनी 1697 मध्ये बॉस्टनच्या चर्चमध्ये उभं राहून आपली चूक जाहीरपणे कबूल केली. हॅथॉर्न यांच्याबद्दल तसं काही ऐकिवात नाही. जॉन यांचे वडील विल्यम यांनी एका क्वेकर बाईला फटके मारण्याचा हुकूम दिला होता. कथेत सैतान ब्राउनला सांगतो, की तुझ्या आजोबांनी क्वेकर बाईला सेलमच्या रस्त्यांतून चाबकाने फोडून काढलं, तेव्हा मदतीला मीच होतो. घरातलं पाप लेखकाने सैतानाच्या तोंडून असं चव्हाट्यावर आणलं.

या खुणा शोधण्यामागे सेलमच्या लोकांचा प्युरिटन धर्मपंथ होता. प्युरिटनांच्या मते कोणाला तारायचं, हे देवाने आधीच ठरवून ठेवलेलं. ते कळणार कसं, तर खुणांवरून. न्यू इंग्लंडमधल्या बहुतेक चर्चांत पूर्ण सभासद व्हायचं तर देवाच्या कृपेचा स्वतःचा अनुभव इतरांना पटवून द्यावा लागे. माणूस स्वतःला तपासून तपासून बेजार, आणि शेजाऱ्यावर नजर ठेवायला सदा मोकळा.

ब्राउनचं पाप शोधायचं तर शेजाऱ्यावरच्या या नजरेत शोधावं. मेळ्यात तो सैतानाला शरण जात नाही. उलट बायकोला स्वर्गाकडे बघ म्हणून ओरडून सांगतो. तरीही तो हरतो. दुसऱ्या सकाळी गुडी क्लॉइस कोवळ्या उन्हात, दूध घेऊन आलेल्या एका लहान मुलीला धर्माची प्रश्नोत्तरं शिकवत असते. ब्राउन त्या पोरीला तिच्यापासून हिसकावून घेतो. अख्ख्या कथेत दिवसाढवळ्या कोणी कोणावर हात टाकतं, ते एवढंच.

बायकोचं नाव फेथ ठेवणं जरा ढोबळच, हे मान्य. पण 1850 च्या ‘द स्कार्लेट लेटर’मध्ये हाच लेखक किती सफाईने खेळतो पाहा. मध्यरात्री उल्का चमकते. व्यभिचार लपवून बसलेल्या डिम्सडेल पाद्रीला आभाळात तांबडं ‘ए’ अक्षर दिसतं, आपल्या पापाचंच. सकाळी चर्चचा सेवक सांगतो, रात्री गव्हर्नर विन्थ्रॉप वारले, ते एंजल झाल्याचीच ती खूण! पाद्रीला जे दिसलं तो त्याच्या आजारी मनाचा आणि डोळ्याचा दोष, असं निवेदक स्पष्टच म्हणतो.

हे सगळं तक्त्यात बसत नाही, म्हणून शिकवताना गळतं. गुलाबी फीत कशाचं प्रतीक, हा प्रश्न आता प्राध्यापकांनी प्रश्नपत्रिकेतून काढून टाकावा. त्याऐवजी विचारावं, की ब्राउनच्या हाती नेमकं काय लागलं होतं आणि तेवढ्यावरून त्याने कोणाकोणाला दोषी ठरवलं?