यंत्रबंदुकांचा बंदिस्त बाजार

अमेरिकेत बंदुकांच्या प्रश्नावरून वाद उसळला नाही, असे एकही वर्ष जात नाही. कुठल्या तरी शाळेत, बाजारात वा संगीत महोत्सवात गोळीबार होतो, शोकसभा होतात, कायदा कडक करण्याची मागणी होते आणि काही दिवसांनी सारे पूर्ववत होते. या गदारोळात शस्त्रांचा एक वर्ग मात्र क्वचितच चर्चेत येतो. तो म्हणजे सबमशीनगन. चाप दाबून धरला की पिस्तुलाच्या काडतुसांचा सलग मारा करणारी ही आटोपशीर यंत्रबंदूक मुळात सैनिक आणि पोलिसांसाठी घडवलेली. तरीही अमेरिकेच्या अनेक राज्यांत सामान्य नागरिक ती कायदेशीरपणे बाळगू शकतो. ती जमवणाऱ्या, एकीची दुसरीशी तुलना करणाऱ्या आणि तिच्यासाठी घराएवढी किंमत मोजणाऱ्या हौशी संग्राहकांचे तेथे एक स्वतंत्र जगच आहे. हे जग ज्या कायद्याने घडवले, त्याच्या मर्यादा आता उघड होऊ लागल्या आहेत.

या कायद्याचे मूळ दारूबंदीच्या काळात सापडते. जनरल जॉन थॉम्पसन यांच्या नावाची सबमशीनगन पहिल्या महायुद्धाच्या खंदकांसाठी आखली गेली. पण ती तयार होईपर्यंत युद्ध संपले होते. १९२१पासून कोल्ट कंपनीने अशा पंधरा हजार बंदुका बनवल्या. लष्कराने फारसा उत्साह दाखवला नाही. गुंडांच्या टोळ्यांना मात्र ती चांगलीच मानवली. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोत एका गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीशी उभे करून ठार मारण्यात आले, तेव्हा हीच बंदूक वापरली गेली होती. पुढे १९३४मध्ये राष्ट्रीय बंदूक कायदा झाला. त्याने यंत्रबंदुकांवर थेट बंदी घातली नाही. नोंदणी सक्तीची केली आणि प्रत्येक हस्तांतरावर दोनशे डॉलरचा कर बसवला. तेव्हा एका थॉम्पसनची किंमतही साधारण तेवढीच होती. आजच्या हिशेबाने तो कर साडेचार हजार डॉलरहून अधिक भरतो. बंदी न घालता खरेदीदाराला परावृत्त करण्याचा हा मार्ग होता.

त्यानंतर दोन टप्प्यांत हे दार बंद झाले. १९६८च्या कायद्याने परदेशी यंत्रबंदुका नागरिकांना विकण्यासाठी आयात करणे थांबवले. १९८६मध्ये बंदूकधारकांच्या हक्कांचे संरक्षण करणारे विधेयक काँग्रेससमोर आले. त्यात न्यू जर्सीचे प्रतिनिधी विल्यम ह्यूज यांनी एक दुरुस्ती सुचवली आणि ती आवाजी मतदानाने संमत झाल्याचे जाहीर करण्यात आले. अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी १९ मे १९८६ रोजी त्यावर स्वाक्षरी केली. त्या दिवसापर्यंत कायदेशीर नोंद असलेल्या यंत्रबंदुकाच यापुढे नागरिकांच्या हाती राहतील, नव्या एकाही बंदुकीची भर पडणार नाही, असा या दुरुस्तीचा अर्थ. हक्कांचे रक्षण करू निघालेल्या विधेयकानेच यंत्रबंदुकांची यादी कायमची गोठवली, हा त्यातला विरोधाभास.

या यादीत सुमारे पावणेदोन लाख बंदुका आहेत. पुरवठा गोठला आणि मागणी वाढत राहिली, तर काय होते हे सांगायला अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. पत्रा ठोकून बनवलेली, दिसायला ओबडधोबड मॅक-१० एकेकाळी काहीशे डॉलरला मिळत असे. आज तिच्यासाठी आठ-दहा हजार डॉलर मोजावे लागतात. नोंदणीकृत एमपी-५ची किंमत तर तीस हजार डॉलरच्या पुढेच सुरू होते. शौक म्हणून सुरू झालेली गोष्ट जमीन किंवा सोन्यासारखी गुंतवणूक बनली आहे. बोटांचे ठसे, छायाचित्रे, पार्श्वभूमीची तपासणी आणि सरकारी मंजुरीची प्रतीक्षा हे सोपस्कार पार पाडल्याशिवाय बंदूक हाती येत नाही. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क यांसारख्या राज्यांत तर सामान्य नागरिकाला ती मिळतच नाही.

संग्राहकांच्या तुलनेत रस असतो तो यंत्रणेत. इस्रायलच्या उझिएल गाल यांनी आखलेली उझी, गॉर्डन इन्ग्रॅम यांची मॅक-१० आणि जुनी थॉम्पसन या ‘उघड्या बोल्ट’च्या बंदुका आहेत. चाप ओढताच जड बोल्ट मागून पुढे झेपावतो आणि मगच गोळी सुटते. या धक्क्याने नेम किंचित हलतो. जर्मन हेकलर अँड कोखची एमपी-५ बंद बोल्टवर चालते. गोळी सुटल्यावर तिच्यातील रोलर बोल्टला क्षणभर रोखून धरतात. त्यामुळे पहिली गोळी अचूक जाते आणि धक्काही सौम्य राहतो. १९८०मध्ये लंडनच्या इराणी वकिलातीतील ओलिसांची सुटका ब्रिटिश कमांडोंनी केली, तेव्हा त्यांच्या हाती हीच बंदूक जगाने पाहिली. उझी मिनिटाला सुमारे सहाशे, एमपी-५ आठशे, तर मॅक-१० हजाराहून अधिक गोळ्यांच्या वेगाने मारा करते. तीस गोळ्यांचे मॅगझिन तिच्यात दोन सेकंदांच्या आत रिकामे होते. हे आकडे कौतुकाने सांगितले जातात. पण २०१४मध्ये अॅरिझोनातील एका नेमबाजी केंद्रावर नऊ वर्षांच्या मुलीच्या हातून उझी सुटली आणि शेजारी उभा असलेला प्रशिक्षक प्राणास मुकला, हेही त्याच वेगाचे दुसरे रूप होय.

नागरिकांकडील बहुतेक ‘एमपी-५’ जर्मनीतून तशा आलेल्याच नाहीत. आयात १९६८पासून बंद असल्याने, १९८०च्या दशकात एका चापाला एकच गोळी झाडणाऱ्या आवृत्त्या आल्या आणि परवानाधारक अमेरिकी कारागिरांनी मुदतीपूर्वी त्यांचे रूपांतर करून नोंद केली. तेव्हा मोल असते ते नोंदलेल्या सुट्या भागाला. बाकी बंदूक त्याच्याभोवती जुळवलेली. बेल्जियमची पी-९०, चेक स्कॉर्पियन इव्हो, सिग एमपीएक्स किंवा अमेरिकी लष्कराने २०१९मध्ये निवडलेली स्वित्झर्लंडची एपीसी-९के ही खरी आधुनिक पिढी. तिच्या सलग मारा करणाऱ्या आवृत्त्या सामान्य संग्राहकाला अप्राप्य आहेत. त्याला मिळतात त्या एकेक गोळी झाडणाऱ्या जुळ्या आवृत्त्या.

त्यांच्यातही कायद्याची मोजपट्टी आडवी येते. खांद्याला टेकवण्याचा दस्ता असेल आणि नळी सोळा इंचांहून आखूड असेल, तर स्वतंत्र नोंदणी हवी. दस्त्याऐवजी हाताला बांधायचा पट्टा लावून उत्पादकांनी त्यातून पळवाट काढली. २०२३मध्ये केंद्रीय यंत्रणेने ती बुजवण्याचा प्रयत्न केला. २०२४मध्ये न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला. २०२५मध्ये अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या करविषयक कायद्याने आखूड नळीच्या बंदुका आणि सायलेन्सर यांच्यावरील दोनशे डॉलरचा कर १ जानेवारी २०२६पासून शून्यावर आणला. यंत्रबंदुकांवरील कर मात्र कायम ठेवण्यात आला. नोंदणी दोन्हींसाठी सक्तीची राहिली. पण कर वसूल करण्याच्या अधिकारावर उभी असलेली नोंदणी कर नसताना कशाच्या आधारावर टिकणार, असा मुद्दा बंदूकसमर्थकांनी न्यायालयात नेला आहे.

येथे मूळ प्रश्न उभा राहतो. या व्यवस्थेने साधले काय? नोंदणीकृत यंत्रबंदुकीने झालेले गुन्हे अत्यंत विरळ आहेत, हे मान्य करावेच लागेल. ठसे देऊन, मंजुरीसाठी थांबून, लाखो रुपयांच्या मोलाची वस्तू घेणारा माणूस ती लुटमारीसाठी वापरत नाही. त्यावरून दोन्ही पक्ष आपापला निष्कर्ष काढतात. संग्राहक म्हणतात, आमच्याकडून धोका नाही, मग १९८६ची बंदी कशाला? नियंत्रणवादी म्हणतात, नोंदणी आणि मर्यादित पुरवठा यांमुळेच हा धोका उद्भवला नाही. तर्काच्या कसोटीवर दुसरा युक्तिवाद अधिक टिकतो. कारण पहिल्यात परिणामालाच कारणाविरुद्धचा पुरावा म्हणून उभे केले आहे.

पण नियंत्रणवाद्यांनी समाधान मानावे अशी स्थिती नाही. सलग गोळीबार अमेरिकेच्या रस्त्यांवर परतला आहे, आणि तो संग्राहकांच्या कपाटातून आलेला नाही. साध्या पिस्तुलाच्या मागे बसणारा, नाण्याएवढा एक बेकायदा तुकडा त्या पिस्तुलाचे सबमशीनगनमध्ये रूपांतर करतो. तो परदेशातून टपालाने येतो किंवा घरच्या थ्रीडी प्रिंटरवर तयार होतो. केंद्रीय यंत्रणेने २०१७ ते २०२१ या काळात असे पाच हजारांहून अधिक तुकडे हस्तगत केले. आधीच्या पाच वर्षांच्या तुलनेत ही वाढ कित्येक पटींची होती. शिकागो शहराने २०२४मध्ये ग्लॉक या पिस्तूल उत्पादक कंपनीविरुद्ध दावा दाखल केला, तो याच कारणाने. एकेका बंदुकीच्या क्रमांकाची नोंद ठेवणारा कायदा या तुकड्यांपुढे हतबल ठरतो.

व्याख्येचाही पेच आहेच. चापाच्या ‘एकाच क्रियेने’ आपोआप एकाहून अधिक गोळ्या झाडणारे शस्त्र म्हणजे यंत्रबंदूक, असे अमेरिकी कायदा सांगतो. २०१७मध्ये लास वेगासच्या महोत्सवात मारेकऱ्याने रायफलींना ‘बंप स्टॉक’ जोडून शेकडो गोळ्या झाडल्या. त्यानंतर ट्रम्प प्रशासनानेच या साधनावर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जून २०२४ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी ती फेटाळली. प्रत्येक गोळीसाठी चाप पुन्हा हलतो, म्हणून ही यंत्रबंदूक नव्हे, असे बहुमताचे म्हणणे. गोळ्या झेलणाऱ्यांच्या दृष्टीने या फरकाला काय अर्थ उरतो, हा प्रश्न आहेच.

भारताच्या १९५९च्या शस्त्र कायद्याने याच ठिकाणी वेगळी शब्दयोजना केली. चापावरील दाब काढेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहतील असे शस्त्र ‘प्रतिबंधित’ ठरते आणि केंद्र सरकारच्या खास परवानगीविना ते बाळगणे गुन्हा होतो. २०१९च्या दुरुस्तीने त्यासाठीची शिक्षा सात ते चौदा वर्षांची केली. पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेच्या सहभागाने घडलेली ‘अस्मी’ ही सबमशीनगन लष्कराने घेतली आहे. पुण्यातल्या नागरिकाला ती कपाटात ठेवता येणार नाही आणि तशी मागणीही कोणी करत नाही. आपल्याकडे शस्त्र हा परवान्याचा विषय आहे, तर अमेरिकेत तो हक्काचा. गावठी कट्ट्यांचा सुळसुळाट पाहता आपल्या कायद्याने सारे साधले, असे म्हणण्याचे धाडस अर्थात कोणी करू नये.

नव्वद वर्षांपूर्वी अमेरिकेने शस्त्राची नोंद ठेवून धोका आटोक्यात ठेवायचे ठरवले आणि नोंदलेल्या शस्त्रांपुरते ते साधलेही. आता धोका नोंदवहीच्या बाहेर, काही डॉलरच्या तुकड्यात आला आहे. जुनी यादी खुली करावी की नाही, यावर तेथील राजकारणी आणखी दहा वर्षे भांडू शकतील. त्या काळात संग्राहकाच्या तिजोरीतील एमपी-५चा भाव आणखी वाढेल. मात्र शिकागोच्या चौकात ऐकू येणारा गोळ्यांचा सलग आवाज थांबवायचा, तर लक्ष तिजोरीवरून काढून त्या तुकड्यावर केंद्रित करावे लागेल.