निबंधाची अट आणि निकालाची कारणे

पुण्याच्या कल्याणीनगरात १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला आणि ती चालविणाऱ्या अल्पवयीन मुलाला बालन्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला. त्या आदेशातील तीनशे शब्दांच्या निबंधाची अट समाजमाध्यमांनी पाहता पाहता देशभर पोहोचविली. समुपदेशन, व्यसनमुक्तीचे उपचार, वाहतूक पोलिसांबरोबर काम या उरलेल्या अटी त्या गदारोळात हरवल्या. त्या पुरेशा होत्या असे नव्हे. परंतु ज्या आदेशावर एवढा जनसमुदाय निकाल देत होता, तो त्यातील बहुतेकांनी वाचलेला नव्हता.

हा संताप व्यर्थ गेला असेही म्हणता येणार नाही. ससून रुग्णालयात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून पुढे डॉक्टरांना अटक झाली. लोकांचे लक्ष नसते तर तपास इतका खोल गेला असता काय, ही सामान्य पुणेकराची शंका निराधार नाही.

पण दुसरी बाजूही आहे. त्या मुलाची म्हणून जी उद्दाम गाण्याची ध्वनिचित्रफीत घरोघरी पाहिली गेली, ती त्याची नव्हतीच. २२ मे रोजी मंडळाने त्याला निरीक्षणगृहात धाडले. मूळ जामीन मात्र कोणत्याही वरिष्ठ न्यायालयाने रद्द केलेला नव्हता. २५ जून रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही रवानगी बेकायदा ठरविली आणि मुलाला आत्याच्या स्वाधीन करण्यास सांगितले. गुन्हा कितीही गंभीर असला, तरी अल्पवयीनाला प्रौढाहून वेगळे लेखण्याचे कायद्याचे बंधन जनक्षोभाने सुटत नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

न्यायदान उघड्यावर व्हावे, हा आग्रह महाराष्ट्राला नवा नाही. 'ब्लिट्झ'विरुद्धच्या अब्रुनुकसानीच्या दाव्यात एका साक्षीदाराची जबानी छापण्यास मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली, तेव्हा नरेश श्रीधर मिरजकर हे वार्ताहर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ मध्ये ते हरले. पण खुली सुनावणी हा नियम व बंद दार हा अपवाद, हे तत्त्व त्या निकालातही मान्य झाले. तो झगडा संपूर्ण जबानी वाचकांपुढे ठेवण्यासाठी होता. आज सर्वोच्च न्यायालयातील घटनापीठांचे कामकाज २०२२ पासून घरबसल्या दिसते, तरी हातोहाती फिरते ते एखाद्या शेऱ्याचे अर्ध्या मिनिटाचे कात्रण.

बालन्याय कायद्याचे ७४ वे कलम मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करते, आणि ते योग्यच आहे. ओळख वगळून आदेशाची कारणे त्याच दिवशी, मराठीत, प्रसिद्ध करावयास मात्र ते आड येऊ नये. जामीन कोणत्या आधारावर दिला, तीन दिवसांत काय बदलले आणि प्रौढ म्हणून खटला चालविण्याची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये का फेटाळली, हे जाणण्याचा पहिला हक्क मध्य प्रदेशातील त्या दोन कुटुंबांचा आहे. मोबाईलवरील कात्रणांतून त्यांनी ते का गोळा करावे?